न वाजलेली घंटी

१

एका घरात माणूस जिन्यावरून पडला आणि शहरातल्या सगळ्या रुग्णवाहिका त्या एकाच दारात येऊन उभ्या राहिल्या. नशीब एवढंच, की माणूस पडलाच नव्हता आणि गाड्या फक्त पडद्यावर होत्या.

चाचणी होती. रुग्णवाहिका कुठून कुठे पाठवायची हे ठरवणारा नवा प्रोग्रॅम नियंत्रण कक्षाच्या मुख्य बाईंना दाखवायचा होता. बाई मुरलेल्या. घरात कोणी पडलं की घरातला एकच माणूस शांतपणे फोन करतो, असं त्यांनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. मुलगा करतो, सून करते, शेजारीही करतो. म्हणून त्यांनी आपल्या माणसांना एकाच पत्त्यावरून भराभर फोन करायला लावले. प्रोग्रॅमने प्रत्येक फोनला एक गाडी देऊन टाकली. सगळे लाल ठिपके एका गल्लीत गोळा झाले आणि बाकीचं शहर रिकामं पडलं.

"पुढच्या आठवड्यात हे खरं सुरू होणार होतं ना?" एवढंच विचारून बाईंनी पर्स उचलली.

असं होऊ नये म्हणून प्रोग्रॅममध्ये एक फाटक होतं. एका पत्त्यावर गाडी निघाली की फाटक बंद, त्याच पत्त्याला दुसरी गाडी नाही. ते फाटक कोणीतरी काढून टाकलं होतं, आणि चाचणीच्या क्षणापर्यंत कोणी त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्या कंपनीच्या मालकीणबाईंनी मुख्य कचेरीतून एका बाईला चौकशीला पाठवलं. तिला तोंडावर सगळे मॅडम म्हणत आणि पाठीमागे नणंद, कारण ती आली की भांड्याच्या तळाचं काळंसुद्धा बोटाने पुसून दाखवायची. उंच, हाडकुळी, पन्नाशीची बाई. दारातून आत येताना वाकायची सवय लागलेली.

या टीमचा प्रमुख होता कप्तान. चणीने बुटका, पण त्याची खुर्ची सगळ्यात वर चढवलेली, आणि पाय लोंबकळू नयेत म्हणून टेबलाखाली एक लाकडी ठोकळा. नणंदेला बघून तो क्षणभर चपापला, मग तोंडभर हसला.

"या, या! किती वर्षांनी! तुम्हाला उगाच त्रास झाला बघा. चोर मी पकडूनच ठेवलाय." त्याने एक कागद पुढे सरकवला. टाइप केलेला राजीनामा होता, वैयक्तिक कारणास्तव वगैरे. सहीची जागा कोरी होती. "फाटक काढायचा बदल आमच्या मुक्याच्या नावावर झालाय. मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीत. सिस्टीम काही खोटं बोलत नाही. पण पठ्ठ्या सही करत नाही."

"कबूल केलं त्याने?"

"तोंड उघडेल तर कबूल करेल! अहो, माणूसच तऱ्हेवाईक. कीबोर्डसुद्धा घरचा आणून बसतो, आणि तोही असला की एन्टर दोनदा दाबल्याशिवाय हलत नाही. असल्यांच्या हातून काम कसलं होणार? उद्यापर्यंत सही केली तर निमूट जाऊ देईन. नाही तर कारण लिहून हाकलीन. मग या धंद्यात त्याला कोणी दारात उभं करणार नाही."

नणंद त्या कोऱ्या जागेकडे बघत राहिली. बऱ्याच वर्षांपूर्वी असाच एक कागद तिच्यापुढे सरकवला गेला होता. तेव्हा ती स्वतः प्रोग्रॅम लिहायची आणि उंचीमुळे सगळे तिला शिडी म्हणायचे. तिच्या नावावर एक घोडचूक निघाली होती, जी तिने केली नव्हती. तिने मान खाली घालून माफीनाम्यावर सही केली होती. त्या दिवसापासून तिचं लिहिणं संपलं आणि दुसऱ्यांच्या चुका खणून काढणं सुरू झालं. तेव्हा शेजारच्या टेबलावर बसणारा हाच कप्तान महिन्याभरात तिच्या जागेवर चढला होता. शिडी वापरून झाली की अडगळीत टाकतात, तशी ती पडली होती.

ती चूक कोणाची होती, हे तिला आजवर कळलं नव्हतं. संशय मात्र रोज उगाळून प्यायला होता. खरं सांगायचं तर, या वेळीही कप्तानच गुन्हेगार निघावा अशी तिची मनापासून इच्छा होती. उट्टं काढायचं होतं. फक्त चोर सोडून संन्याशाला फाशी देणाऱ्यांच्या रांगेत तिला स्वतःला उभं राहायचं नव्हतं.

"मी सगळ्यांशी बोलेन," ती म्हणाली. "कागद माझ्याकडे राहू दे."

२

मोठ्या खोलीत टेबलं दाटीवाटीने लावलेली होती, आणि तरीही प्रत्येक जण एकेका बेटावर बसल्यासारखा बसला होता. भिंतीवर एक भलामोठा पडदा होता. त्यावर प्रत्येकाचं नाव आणि गुण. काम लवकर संपवलं की नाव हिरवं, कामात चूक निघाली की लाल. ही कप्तानाची करामत. वर्षापूर्वी तो आला आणि पहिल्याच आठवड्यात त्याने हा पडदा टांगला.

मुक्याने केलेल्या बदलाला 'हो' म्हटलं होतं तोफेने. या टीमचा नियमच होता: एकाने बदल करायचा, दुसऱ्याने तो वाचून 'हो' म्हणायचं, मगच तो प्रोग्रॅममध्ये जाणार. तोफ म्हणजे तिशीतला तरतरीत गडी, पडद्यावर सगळ्यात हिरवा. तोंडात सतत च्युइंगगम.

"वाचलंस का, हो म्हणण्याआधी?"

"मॅडम, वाचत बसलो तर माझी स्वतःची कामं कोण करणार?" तोफ चघळत म्हणाला. "पटकन हो म्हटलं की गुण मिळतो. दुसऱ्याचं वाचून चूक काढली तर तो लाल होतो आणि जेवताना शेजारी बसत नाही. सांगा, तुम्ही काय केलं असतं?"

"मग चूक पकडायची कोणी?"

"ताई आहेत ना. चुका शोधणं हे त्यांचंच काम." त्याने कोपऱ्यातल्या टेबलाकडे बोट दाखवलं. टेबलावर कोणी नव्हतं. तिथे दुकानाच्या गल्ल्यावर असते तशी एक पितळी घंटी होती, वरून टपली मारली की वाजणारी. "चूक सापडली की ताई ती वाजवायच्या. पण चाचणीच्या आधी घंटी वाजलीच नाही. साहेब खूश होते. म्हणाले, बघा, माझ्या राज्यात घंटी बंद."

नणंद उठून त्या टेबलापाशी गेली आणि तिने घंटीवर टपली मारली.

ठप.

दार लोटल्यासारखा नुसता बसका आवाज आला. कोणी मानही वर केली नाही. नणंदेने घंटी उलटी केली. आत वाळून दगड झालेला च्युइंगगमचा गोळा ठासून बसवलेला होता.

तोफेचं चघळणं थांबलं.

"ताईंची टिंगल होती ती, मॅडम," तो हळूच म्हणाला. "फाटकाशी माझा काही संबंध नाही, आईशपथ. घंटी वाजली की कोणाचे ना कोणाचे गुण जायचे. मागच्या आठवड्यात मी घातलं. सगळे हसले होते."

"सगळे?"

"मुक्या नाही हसला."

३

टीममधले सगळ्यात जुने म्हणजे दादा. अंगाने भरपूर, आवाजाने मऊ. नणंदेने त्यांना बाहेर गच्चीवर नेलं, कारण पडद्याखाली बसून माणूस खरं बोलत नाही.

"पूर्वी ती घंटी वाजली की आम्ही सगळे हातातलं सोडून ताईच्या टेबलाभोवती जमायचो," दादा म्हणाले. "कोणाची चूक हे विचारायचंच नाही, असा आमचा शिरस्ता. चूक टेबलाची, माणसाची नाही. चहा व्हायचा, हसणं व्हायचं आणि काम सुटायचं. सगळ्यात आधी मुक्या यायचा. एक शब्द बोलायचा नाही, पण पहिला तोच."

"आणि मशीन? जेवायला जाताना कुलूप लावायचे सगळे?"

"छे! आमच्याकडे खुर्ची उघडी असायची. कोणी अडला तर कोणीही त्याच्या जागी बसून गाठ सोडवायचा. आता मात्र पाणी प्यायला उठलं तरी कुलूप. आपल्या नावावर कोण काय करून ठेवेल, याचा नेम नाही." दादा ओशाळले. "मुक्या अजून लावत नाही. जुनीच सवय."

म्हणजे त्याच्या खुर्चीत कोणीही बसू शकत होतं. नणंदेने विचारलं, "फाटक लिहिलं कोणी होतं?"

"मुक्यानेच. फाटकामुळे प्रोग्रॅम दोन श्वास उशिरा उत्तर द्यायचा, आणि साहेबांनी तर नियंत्रण कक्षाच्या बाईंना डोळ्याचं पातं लवतंय तोवर गाडी देऊ असा शब्द दिलेला. मुक्याला म्हणाले, काढ ते. तो म्हणाला, नाही. सगळ्यांसमोर! महिन्याभरात त्याच्या तोंडून ऐकलेला तो एकच शब्द."

"मग जो माणूस फाटक ठेवायला साहेबाला नाही म्हणाला, तोच ते गुपचूप काढेल का? हे तुमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आलं नाही?"

दादांनी कठड्यावर हात ठेवला आणि खाली रस्त्याकडे बघितलं.

"आलं ना," ते म्हणाले. "पण बोललं कोण? परवापासून त्याच्याशीसुद्धा कोणी बोललेलं नाही, मॅडम. बोललो तर आपणही लाल होऊ, अशी भीती. घरी दोन मुली आहेत माझ्या."

नणंदेला त्यांचा राग आला आणि ओळखही पटली. त्या वेळी तिच्याही आजूबाजूला अशीच मऊ बोलणारी, कुटुंबवत्सल माणसं बसलेली होती.

४

मुक्या आत आला तेव्हा तोही दारात वाकला. नणंदेने इतका उंच माणूस बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. तो बसला आणि हात मांडीवर ठेवून वाट बघू लागला.

"तू काढलंस फाटक?"

"नाही."

"मग सांगत का नाहीस कोणाला?"

"सांगितलं. एकदा." तो म्हणाला, "एकच गोष्ट किती वेळा सांगायची?"

तिला तो आवडला. तिने राजीनाम्याचा कागद त्याच्यापुढे ठेवला. त्याने बघितला, पण हात लावला नाही.

"यावर सही केली तर चूक माझी ठरते," तो म्हणाला. "माझी नाही."

नणंदेच्या वेळी हे वाक्य तिला सुचलं नव्हतं. सुचलं असतं तर आयुष्य वेगळं झालं असतं, असं तिला वाटलं आणि कप्तानाबद्दलचा जुना विखार पुन्हा वर आला. तिने तो गिळला.

"मंगळवार आठव. कीबोर्ड घरून का आणला होतास?"

"इथल्यावर आदल्या दिवशी चहा सांडला. नवा मागितला, साहेब म्हणाले बघू. म्हणून मंगळवारी सकाळी घरचा आणला. जुना आहे. संध्याकाळी परत नेला. बुधवारी दादांनी कपाटातून एक दिला."

"परत का नेलास?"

"एन्टर अडकायचं. दोनदा दाबावं लागायचं."

नणंदेने अगदी सहज विचारावं तसं विचारलं, "हे कोणाला बोलला होतास?"

मुक्याने नकारार्थी मान हलवली. तो कोणाला काय बोलणार! टीमला तो आहे की नाही हेही आठवावं लागायचं.

"त्या दिवशी जेवून परत आलास, तेव्हा जागेवर काही वेगळं दिसलं? काहीही सांग, अगदी फुटकळ वाटलं तरी."

त्याचा हात मांडीवरून गुडघ्यावर गेला.

"बसलो, तर गुडघे टेबलाला आपटले," तो म्हणाला. "खुर्ची पार खाली गेलेली. वाटलं, तोफेने मस्करी केली असेल. खटका ओढून परत वर केली."

नणंदेच्या हातातलं पेन खाली पडलं. ते उचलायला ती वाकली आणि वाकलेलीच राहिली.

तिलाही आठवलं. बऱ्याच वर्षांपूर्वीची ती दुपार. जेवून येऊन ती आपल्या जागेवर बसली होती आणि तिचे गुडघे टेबलाच्या कडेवर असे आपटले होते की डोळ्यांत पाणी आलं होतं. खुर्ची बिघडली म्हणून तिने दुरुस्तीवाल्याला निरोप दिला होता. तो येऊन खुर्ची तपासून हसला होता. खुर्चीला काही झालेलं नाही, बाई, कोणीतरी खाली केलीय.

५

खुर्ची पार खाली कोण करतं? ज्याचे पाय जमिनीला टेकत नाहीत तो. तोफ बेताचा उंच. दादा बसले की खुर्ची कुरकुरते, पण त्यांचे पाय चांगले लांब. टीममध्ये बुटकी माणसं दोनच. कप्तान आणि ताई.

ताई जिन्यात बसून डबा खात होती. एकटीच. चाळिशीतली, ठेंगणी, डोळ्यांखाली काळं. नणंद तिच्या शेजारी पायरीवर बसली आणि तिने पितळी घंटी दोघींच्या मध्ये ठेवली.

ताईने डबा बंद केला.

"फाटक नाही, हे तुला माहीत होतं," नणंद म्हणाली. "चुका शोधण्यात तुझा हात कोणी धरणार नाही, असं दादा सांगतात. एवढं भगदाड तुला दिसलं नसेल, हे मला पटत नाही."

"दिसलं," ताई म्हणाली. तिने आढेवेढे घेतले नाहीत. कोणीतरी विचारावं याचीच जणू वाट बघत होती. "मंगळवारी दुपारीच दिसलं. मी घंटी वाजवली."

"मग?"

"ठप." ताई हसली, पण ते हसू नव्हतं. "पुन्हा मारली. पुन्हा ठप. कोणी वळून बघितलं नाही. तोफेचे खांदे मात्र हलत होते, हसू दाबत होता. मी घंटी उलटी करून बघितली. आणि मॅडम, माझ्या मनात काहीतरी तुटलंच. वर्षभर मी चूक दाखवली की साहेब सगळ्यांसमोर म्हणायचे, ताईंना दुसऱ्याच्या ताटातले खडे मोजायची हौस. ज्यांच्याबरोबर चहा प्यायले ते जेवताना उठून दुसऱ्या टेबलावर जायला लागले. म्हटलं, तुम्हाला ऐकायचंच नाही ना? मग नका ऐकू. होऊ दे चाचणी. चांगली चारचौघांत अब्रू जाऊ दे त्या कप्तानाची. मी ते गम काढलंसुद्धा नाही. रोज बघायचे आणि मनात म्हणायचे, थांबा."

"आणि पुढच्या आठवड्यात खरं सुरू झालं असतं तर?"

"त्याच्या आधी सांगितलं असतं."

"असतं," नणंद म्हणाली.

ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. "फाटक साहेबांच्या हुकमाने गेलं, असंच मी धरून चालले होते. मुक्याच्या नावावर निघेल हे मला काय माहीत? त्याला तर मीच काम शिकवलं."

"ते कळून दोन दिवस झाले. तरी बोलली नाहीस."

ताईने बंद डब्याचं झाकण पुन्हा दाबलं. खालच्या मजल्यावर कोणीतरी दार आपटलं.

नणंदेला या बाईला मिठीही मारावीशी वाटली आणि तिचे दोन्ही खांदे धरून गदागदा हलवावंसंही वाटलं. सूड म्हणजे काय ते तिला शिकवायला नको होतं. पण ताईने दगड कप्तानावर भिरकावला होता आणि तो जाऊन लागला होता मुक्याला. आता प्रश्न एवढाच होता, की बुटक्या दोघांपैकी मुक्याच्या खुर्चीत कोण बसलं होतं.

"एक विचारते. मुक्याचा मंगळवारचा कीबोर्ड कसा होता?"

ताईने डोळे पुसले. "कसा म्हणजे? त्याच्याकडे तर चहा सांडलेला होता ना?"

नणंद उठली. घंटी तिने तिथेच पायरीवर राहू दिली.

"उद्या सकाळी सगळे जमणार आहेत," ती म्हणाली. "तुझं तू सांगशील की मी सांगू, ते रात्रभर ठरव."

६

सकाळी मालकीणबाई स्वतः आल्या. टीम आपापल्या खुर्च्या ओढून पडद्यासमोर बसली. मुक्या सगळ्यांच्या मागे, दाराजवळ. कप्तान उभाच राहिला. चारचौघांत तो सहसा बसत नसे.

"मॅडम, झालं ना समाधान?" तो म्हणाला. "आता सही घेऊ आणि कामाला लागू."

"घेऊ की. आधी एक सांगा, मुक्याच्या मशीनवर तुम्ही कधी बसलात?"

"मी? जन्मात नाही! इथे आल्यापासून मी कोणाच्या कीबोर्डला बोट लावलेलं नाही. विचारा हवं तर."

"तुम्ही सांगताय तेच पुरे." नणंद मालकीणबाईंकडे वळली. "मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत कोणीतरी मुक्याच्या उघड्या मशीनवर बसून फाटक काढलं. तोफेने न वाचता हो म्हटलं, कारण वाचण्याला इथे गुण नाहीत. बसणाऱ्याने खुर्ची पार खाली केली होती. मुक्या परत आला तेव्हा त्याचे गुडघे आपटले."

कप्तान मोठ्याने हसला. "म्हणजे बुटका माणूस चोर? मग ताई काय उंच आहेत? त्यांचं तर माझ्याशी उभं वैर आहे."

"बरोबर. म्हणून मी खुर्चीवर थांबले नाही." नणंदेने आवाज चढवला नाही. "मुक्याच्या कीबोर्डात काय दोष होता, दादा?"

"कुठल्या? चहा सांडलेल्या?"

"मंगळवारच्या. तोफ?"

"मंगळवारी वेगळा होता?" तोफ म्हणाला.

"ताईलाही ठाऊक नाही, मी काल विचारलं. मुक्याने तो कीबोर्ड मंगळवारी सकाळी घरून आणला आणि संध्याकाळी परत नेला, कारण एन्टर दोनदा दाबावं लागायचं. त्याने हे एका माणसाला सांगितलं नाही. नुसतं बघून ते कळत नाही, दाबल्यावरच कळतं. आता साहेब, तुम्ही सांगा. जन्मात ज्या कीबोर्डला बोट लावलं नाही, त्याचं एन्टर दोनदा दाबावं लागतं हे काल माझ्या तोंडावर तुम्ही कसं सांगितलंत?"

कप्तानाचा चेहरा लालबुंद झाला.

"मुक्यानेच सांगितलं असेल! लक्षात नसेल त्याच्या."

यावर तोफेला हसू फुटलं, आणि ते थांबवायचा त्याने या वेळी प्रयत्नही केला नाही. मुक्याने गप्पा मारल्या, ही गोष्ट त्या खोलीत कोणीच गिळणार नव्हतं. ते हसू ऐकल्यावर कप्तानाचा तोल गेला.

"हो, काढलं!" तो ओरडला. "कंपनीसाठीच काढलं ना? शब्द दिला होता मी! आणि चूक होती तर हिचं काम काय होतं? विचारा या ताईला, घंटी का वाजली नाही? हिला दिसलं नसेल? हिने मुद्दाम मला बुडवलं!"

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, पण या वेळी तो खरं बोलला होता. सगळ्यांच्या माना ताईकडे वळल्या. नणंदही थांबली.

ताई उठली. तिने पिशवीतून घंटी काढली. रात्री बसून तिने आतलं सगळं गम खरवडून काढलं असणार, कारण पितळ आतून चकचकीत झालं होतं. तिने ती टेबलावर ठेवली आणि टपली मारली.

टिंग.

"चूक सापडली," ताई म्हणाली. "माझी. मला दिसलं होतं आणि मी गप्प बसले. सूड घ्यायचा होता. मुक्या अडकला तरी गप्प बसले."

दादा उठून तिच्या टेबलापाशी गेले. मग तोफही गेला, खाली मान घालून. जुना शिरस्ता पायांना आठवला असावा. पण सगळ्यात आधी येणारा आला नाही.

७

मालकीणबाईंनी कप्तानाला त्याच सकाळी घरी पाठवलं आणि पडद्याचं बटण स्वतः बंद केलं. आपल्या वस्तू खोक्यात भरून तो दारापाशी आला तेव्हा नणंद तिथे उभी होती.

"त्या वेळी माझ्या खुर्चीवरही तूच बसला होतास," ती म्हणाली. सगळं अहोजाहो गळून पडलं होतं. "माझेही गुडघे आपटले होते."

त्याने नाकारलं नाही. आता नाकारून त्याला काही मिळणार नव्हतं.

"शिडे, इतकी वर्षं झाली," तो म्हणाला. "अजून तेच धरून बसलीस?"

"हो. धरून बसले. म्हणून तर गुडघे म्हटल्यावर मला खुर्ची कळली."

तो गेला. तिला वाटलं होतं की या क्षणी तिला थोडी तरी त्याची कीव येईल. आली नाही. तिला बरं वाटलं, अगदी पोटभर जेवल्यासारखं, आणि त्याची लाजही वाटली नाही.

आत आली तर मालकीणबाई मुक्याशी बोलत होत्या. झालं गेलं विसरून जा, फाटक पुन्हा तूच बसव, टीम आता तूच सांभाळ. दादा मान डोलवत होते. ताई हात जोडून उभी होती. मुक्याने सगळं ऐकून घेतलं आणि तो नणंदेकडे वळला.

"तो कागद आहे तुमच्याकडे?"

तिने राजीनामा काढून दिला. त्याने तो टेबलावर ठेवला, सरळ केला आणि सही केली.

"अरे, पण आता कशाला?" दादा कळवळले. "तुझी चूक नाही हे सिद्ध झालं ना!"

"म्हणूनच," मुक्या म्हणाला. मग तो इतकं बोलला, जितकं त्या खोलीने त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. "चूक माझी ठरत होती तोवर सही करणार नव्हतो. आता ती साहेबांची आहे, म्हणून करतो. फाटक त्यांनी काढलं, ते एकटे होते. मी इथे बसलो होतो, तुमच्या सगळ्यांच्या मध्ये. दादा, तुम्ही कपाटातून कीबोर्ड काढून दिलात. मग गेले तीन दिवस चहा विचारायला काय झालं होतं? ताई, तुम्ही तर मला शिकवलंत. तुमचं फाटक तुम्ही बसवा. कसं बसवायचं ते लिहून ठेवलं आहे, माणसं मरायला नकोत. पण मला बोलवू नका. मी येणार नाही."

ताईने नकळत घंटीवर हात ठेवला. टिंग झालं, अगदी हलकं. मुक्या दारात वाकला आणि मागे न बघता निघून गेला.

त्याच्या मागे कोणीच गेलं नाही. सूड कसा घ्यावा हे आपल्याला ठाऊक आहे, असं नणंदेला वाटत होतं. या पोराने एका सहीत घेतला होता. तिने तेव्हा माफीनाम्यावर सही केली होती आणि त्याच कंपनीत राहिली होती, रोज थोडी थोडी कडू होत.

अहवाल लिहायला तिला जागा हवी होती. रिकामी जागा एकच होती. ती मुक्याच्या खुर्चीवर बसली आणि तिने पाय पुढे घेतले. तिचे गुडघे कुठेही आपटले नाहीत.